नॅनोकणांच्या द्रवात सीओटू शोषण: काचेच्या स्तंभाची जुळणी, आकडे आणि घोळ (मंचावरच्या चर्चेचा धागा)

खाडीपट्टा

केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा चौघांचा प्रकल्प आहे, ठिकाण रत्नागिरी. १० टक्के एमडीईएच्या (मिथिल डायइथॅनॉल अमाईन, सीओटू धरून ठेवणारं रसायन) पाण्यातल्या द्रावणात ॲल्युमिनाचे नॅनोकण घातल्यावर सीओटू (कार्बन डायऑक्साइड) शोषण किती वाढतं ते मोजायचंय. ठरवलेली जुळणी अशी: काचेचा स्तंभ, आतला व्यास ५० मिमी, उंची १ मीटर, द्रव ६० सेंमीपर्यंत, म्हणजे साधारण १.२ लिटर. तळाला बुडबुडे काढायला सिंटर्ड (सच्छिद्र) काचेची चकती. १५ टक्के सीओटू आणि बाकी नायट्रोजन, मिनिटाला १ लिटर. वरून बाहेर पडणाऱ्या वायूवर एनडीआयआर (अवरक्त प्रकाशाने सीओटू मोजणारा) सेन्सर. कणांचं प्रमाण वजनाने ०.०१, ०.०५, ०.१ आणि ०.५ टक्के. आधी साध्या पाण्यात, मग एमडीईएमध्ये.

पावडर अजून मागवलेली नाही. ॲल्युमिना घ्यावं की सिलिका? आणि जुळणीत काय खटकतंय? बिनधास्त झोडपा.

सुरंगी

पाण्यातला भाग आत्ताच काढून टाका. साधा हिशोब करून बघा. मिनिटाला १ लिटर वायूत ०.१५ लिटर सीओटू, म्हणजे ३० अंशांना जवळपास ६ मिलिमोल. १५ टक्के सीओटूखाली त्याच तापमानाचं पाणी लिटरमागे साधारण ४.५ मिलिमोल धरतं. १.२ लिटरचे झाले साडेपाच. म्हणजे तुमच्या अख्ख्या पाण्याची भूक एका मिनिटाच्या वायूपेक्षाही कमी. स्तंभाच्या वरची रिकामी जागा, नळ्या, आर्द्रतेचा सापळा आणि सेन्सरचा स्वतःचा उशीर हे सगळं मिळून तेवढाच वेळ खातात. मग आलेखात जो फरक दिसेल तो नळीच्या लांबीचा, कणांचा नाही.

१० टक्के एमडीईए ठीक आहे. लिटरला ०.८५ मोलच्या आसपास, एकूण १ मोल. अर्ध्या भारापर्यंत (मोलभर अमाईनमागे अर्धा मोल सीओटू) न्यायला ५०० मिलिमोल लागतात. सगळाच्या सगळा सीओटू शोषला गेला तरी ८० मिनिटं, प्रत्यक्षात दुपटीच्या घरात. एवढ्या वेळात शांतपणे मोजता येतं.

कातळसडा

ॲल्युमिना नको. कारण पीएच.

ॲल्युमिनाच्या कणावरचा विद्युतभार पीएच ९ च्या आसपास शून्य होतो. ताज्या एमडीईएचा पीएच ११ च्या वर, तिथे कण ऋणभारित आणि बरे पसरलेले. सीओटू शिरत गेला की पीएच उतरतो, आणि अर्ध्या भाराला साडेआठवर येतो (एमडीईएचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं अमाईन प्रोटॉन घेतं तो, ८.५ आहे, त्यामुळे यात सुटका नाही). म्हणजे प्रयोग चालू असताना मध्यावर कण बरोबर शून्यभारातून जाणार आणि तिथेच गोळे धरणार. सुरुवातीला दुधासारखा दिसणारा द्रव तासाभरात कणीदार होतो आणि चकतीवर साका बसतो.

गंमत अशी की साध्या पाण्यात हेच ॲल्युमिना गुणी बाळ. १५ टक्के सीओटूखाली पाण्याचा पीएच ४.३ च्या आसपास, कणांवर चांगला धनभार. म्हणून "पाण्यात फायदा, अमाईनमध्ये नाही" असा निष्कर्ष निघतो आणि दोष जातो रासायनिक अभिक्रियेच्या माथी. दोष गोळ्यांचा असतो.

सिलिकाचा शून्यभार पीएच २ ला, त्यामुळे अमाईनमध्ये ती कायम ऋण. पण ती विरघळते. अस्फटिक सिलिका २५ अंशांच्या उदासीन पाण्यातसुद्धा लिटरला १०० ते १२० मिग्रॅ विरघळते, पीएच १० च्या पुढे त्याच्या कितीतरी पट. तुमचं ०.०१ टक्के म्हणजे लिटरला १०० मिग्रॅ. रात्रभर ठेवलंत तर सकाळी बाटलीत कण उरतीलच असं नाही. सिलिकाच वापरायची असेल तर अमाईनला आधी ०.१ मोल प्रति मोल एवढा सीओटू पाजा, पीएच साडेनऊवर आणा, मग कण घाला आणि त्याच दिवशी प्रयोग उरका. कोऱ्या (कण नसलेल्या) द्रावणालाही तेवढाच सीओटू आधी द्यायचा, हे सांगायला नको.

माझं मत टायटॅनिया (टायटॅनियम डायऑक्साइड). २० नॅनोमीटरच्या आसपासची, अ‍ॅनाटेज-रुटाइल मिश्र जात सहज मिळते, विरघळत नाही, शून्यभार पीएच ६ ला. ११ पासून ८.५ पर्यंत ती सरळ ऋण राहते.

खाडीपट्टा

म्हणजे टायटॅनिया घातलं की गोळे होणार नाहीत?

कातळसडा

होणार. फक्त कारण बदलेल. अमाईन अर्धं भरलं की त्यात बायकार्बोनेट आणि प्रोटॉन घेतलेलं अमाईन असे आयन जमतात, आयनिक तीव्रता ०.४ मोलरच्या पुढे जाते. समुद्राच्या पाण्याची ०.७. म्हणजे तुमचं द्रावण समुद्राच्या निम्म्याहून जास्त खारं. अशा ठिकाणी कणाभोवतीच्या विद्युतभाराचं कवच अर्ध्या नॅनोमीटरवर आकसतं आणि कण एकमेकांना दूर ठेवू शकत नाहीत. पावसाळ्यात वाशिष्ठीचं गढूळ पाणी दाभोळच्या खाडीत खाऱ्याला भिडतं आणि गाळ बसायला लागतो, तो याच कारणाने.

म्हणून ताज्या द्रावणात झीटा पोटेन्शियल (कण एकमेकांना किती दूर लोटतात त्याचं विद्युत माप) उणे ३५ मिलिव्होल्ट आलं आणि अहवालात "स्थिर" लिहून मोकळं झालं, असं करू नका. मोजायचं ते सीओटू भरलेल्या द्रावणात. यंत्र नसेल तर १०० मिलीची मोजनळी भरून ठेवा आणि वरच्या थरातून दर तासाला नमुना घेऊन टर्बिडिटी (गढूळपणा) मीटरवर बघा. एक ताज्याची, एक भरलेल्याची.

उपाय म्हणजे कणाला पॉलिमरचं अंगरखं घालणं. पीव्हीपी के-३० घ्या, कणांच्या वजनाच्या २० ते ५० टक्के या पट्ट्यात दोन-तीन प्रमाणं करून बघा. एसडीएससारखा साबणी पदार्थ घालू नका, फेस आवरणार नाही. आणि तुलना करायची ती पीव्हीपी घातलेल्या पण कण नसलेल्या द्रावणाशी.

रापण

ह्या सगळा बरोबर, पण फेस इलो तर काय करूचा ता कोण सांगतलो?

गलबत

रापणभाऊंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. अमाईनच्या कारखान्यात फेस म्हणजे पहिली डोकेदुखी आणि बारीक घन कण हे त्याचं नेहमीचं कारण. कण बुडबुड्याच्या पापुद्र्यावर जाऊन बसतात आणि पापुद्रा फुटू देत नाहीत. म्हणूनच तर फिरत्या द्रावणाचा १०-२० टक्के भाग सतत ५ ते १० मायक्रॉनच्या फिल्टरमधून आणि सक्रिय कोळशाच्या थरातून काढतात. आता तुम्ही मुद्दाम कण घालायला निघालात.

स्तंभात ६० सेंमी द्रव आणि वर ४० सेंमी रिकामं, हे ठीक. पण आधी फेसाची चाचणी करा: २०० मिली द्रावण, ५०० मिलीची मोजनळी, काचेच्या दगडातून वायू ५ मिनिटं. वायू बंद केल्यावर फेस मोडायला किती सेकंद लागतात ते लिहा. कोरं, पीव्हीपीसह, कणांसह, तिन्ही. कणांसहचा वेळ कोऱ्याच्या दुप्पट-तिप्पट गेला तर शोषण वाढलेलं दिसेलच, पण ते फेसातल्या वाढीव पृष्ठभागामुळे. कारखान्यात त्याच फेसाने टॉवर भरून द्रव वरून बाहेर पडेल. सिलिकॉनचा फेसमारक घालायचा मोह आवरा, तो थेंबभर पडला तरी बुडबुड्यांचा आकार बदलतो आणि मग कशाचीच तुलना कशाशी राहत नाही.

उधाण

मोजमापाबद्दल. कोकणातल्या हवेत एनडीआयआरचा शत्रू पाणी. ३० अंशांना स्तंभातून निघणाऱ्या वायूत चारेक टक्के वाफ असते, ती सेन्सरच्या आरशावर दव धरते आणि आकडा चढत जातो. आधी बर्फात बुडवलेला रिकामा सापळा, मग कॅल्शियम क्लोराइडची नळी. सोडा लाइम चुकूनही नको, ते सीओटूच खाऊन टाकेल. सिलिका जेलही टाळा, सुरुवातीला थोडा सीओटू धरून ठेवतं.

हिशोबातली नेहमीची चूक: आत १५ टक्के, बाहेर ७.५, म्हणजे निम्मा शोषला. नाही. सीओटू कमी झाल्यावर बाहेरचा प्रवाहही घटतो. नायट्रोजन जेवढा आत गेला तेवढाच बाहेर येतो, ०.८५ लिटर. तो बाहेरच्या वायूचा ९२.५ टक्के, म्हणजे एकूण ०.९१९ लिटर, त्यात सीओटू ०.०६९. शोषला गेला ०.०८१ लिटर, ५४ टक्के. या चार टक्क्यांच्या घोळातच कित्येकांची "नॅनो वाढ" दडलेली असते.

तुमच्या मापाच्या स्तंभात निम्म्याच्या आसपास शोषण धरलं, तर वेगात १० टक्के वाढ म्हणजे बाहेरच्या वायूत जेमतेम अर्धा-पाऊण टक्क्याचा फरक. स्वस्त सेन्सरची चूक तेवढीच असू शकते. रोज सुरुवातीला आणि शेवटी शून्य वायू आणि १५ टक्क्यांचं मिश्रण बायपासने सेन्सरवर सोडून बघा. प्रत्येक प्रमाण किमान तीनदा, आणि क्रम उलटसुलट. सगळे कोरे प्रयोग सोमवारी आणि कणांचे शुक्रवारी असं करू नका.

मिश्रणाचं सिलिंडर मिळालं नाही आणि शुद्ध सीओटू घेऊन स्वतः मिसळायचं ठरवलंत तर एक लक्षात ठेवा. सीओटूचा क्रांतिक तापमानबिंदू ३१ अंश. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही, दाब भलताच दाखवतो आणि दुपारी-रात्री बदलतो. गेज बघून किती उरलं ते कळत नाही, वजन करा.

सुरंगी

तापमानाचं राहिलं. एमडीईएत सीओटू शिरताना मोलमागे ५५-६० किलोज्यूल उष्णता निघते. अर्धा मोल म्हणजे तीसेक किलोज्यूल, १.२ किलो द्रावण पाच-सहा अंशांनी तापवायला पुरेसे. तेव्हा जॅकेटचा (भोवती पाणी फिरवायची सोय असलेला) स्तंभ हवाच. ३५ अंशांवर चालवा. खोलीपेक्षा थोडं वर ठेवणं साध्या वॉटर बाथने जमतं, २५ ला उतरवायचं तर चिलर लागेल आणि वीज गेली की सगळं गेलं.

आता खरा प्रश्न, ज्याबद्दल धागाकर्त्यांनी विचारलेलंच नाही: कण नेमकं करतात काय? तीन उत्तरं दिली जातात. एक, कण पृष्ठभागाजवळ वायू उचलतो आणि आत नेऊन सोडतो. दोन, बुडबुडे एकमेकांत मिसळू देत नाही, म्हणून ते बारीक राहतात. तीन, पृष्ठभागालगतचा पातळ थर ढवळतो.

पहिल्याबद्दल मी साशंक आहे. पाण्यात द्रवाच्या बाजूचा थर २० मायक्रॉनच्या आसपास. कण वायू उचलणारा हवा, म्हणजे त्याच्या अंगाला सीओटू चिकटायला हवा. सक्रिय कोळशाच्या चूर्णाने हे होतं, ते १९८० च्या आसपासपासून माहीत आहे, "नॅनोफ्लुइड" हा शब्द १९९५ मध्ये अर्गोन प्रयोगशाळेत स्टीफन चोईंनी रूढ करायच्या आधीपासून. कोळसा पाण्याला फटकून असतो. टायटॅनियाच्या अंगावर पाणी आणि हायड्रॉक्सिल आधीच ठाण मांडून बसलेले, तिथे सीओटूला जागा कोण देणार?

आणि धारणक्षमतेचं तर बोलूच नका. ०.०५ टक्के म्हणजे तुमच्या स्तंभात ०.६ ग्रॅम कण. ग्रॅममागे १ मिलिमोल धरला, जो उदारच आहे, तरी ०.६ मिलिमोल. अमाईन ५०० धरतं. "क्षमता २० टक्क्यांनी वाढली" असं कुठे वाचलंत तर समजा की कोऱ्याचा प्रयोग लवकर थांबवला होता. वाढला तर वेग वाढतो, शेवट तोच राहतो.

कातळसडा

सुरंगीताई, पहिलं कारण सरसकट बाद करू नका. कणाला अमाईन गट लावले तर तो उचलू शकतो.

सुरंगी

मान्य, पण मग तो कण ०.०५ टक्के घालून भागत नाही, आणि अमाईनच्याच समुद्रात अमाईन लावलेला कण कशासाठी?

वाद मिटवायचा सोपा मार्ग आहे. बुडबुडे काढून टाका. १ लिटरचं बंद काचभांडं, आत ५०० मिली द्रव, व्यास १० सेंमी, म्हणजे पृष्ठभाग ७८ चौ. सेंमी. द्रव आधी व्हॅक्यूमने निवायू करा, मग वरून शुद्ध सीओटू १ बारपर्यंत भरा, झडप बंद, ढवळणी ६० ते १०० फेऱ्या, पृष्ठभाग आरशासारखा सपाट राहिला पाहिजे. दाब उतरत जातो तो नोंदवा. पाण्यात अर्ध्या-पाऊण तासात छान उतार मिळतो, म्हणजे तुमची पाण्याची हौसही इथेच भागेल. क्षेत्रफळ ठाऊक असल्याने बुडबुड्यांची लबाडी चालत नाही. स्तंभात वाढ दिसली आणि इथे दिसली नाही, तर श्रेय बुडबुड्यांना.

आदल्या रात्री नायट्रोजन भरून गळती तपासा. तापमान ०.१ अंशात स्थिर ठेवा. १ अंश हलला की बंद वायूचा दाब ३ मिलिबारहून जास्त हलतो.

गलबत

याचा कारखान्याशी संबंध सांगतो. मोठ्या शोषण मनोऱ्यात बहुतेक ठिकाणी पॅकिंग असतं, त्यावरून द्रवाचा पापुद्रा ओघळतो. बुडबुडाच नाही, तर बुडबुडे बारीक करण्याचा फायदा कुठून येणार? ट्रेवर थोडा येईल.

दुसरं, एमईए (मोनोइथॅनॉल अमाईन, कारखान्यातलं वेगवान अमाईन) ३० टक्के असेल तर अभिक्रिया इतकी वेगवान की सीओटू पृष्ठभागाखाली ०.२ मायक्रॉनच्या आतच संपतो. २००-३०० नॅनोमीटरचा गोळा त्या थरात मावतसुद्धा नाही. एमडीईए मंद, तिथे थर ढवळण्याचा काही उपयोग आहे. म्हणून तुमची एमडीईएची निवड बरोबर आहे, मग ती कोणत्याही कारणाने केलेली असो :)

तिसरं, उष्णता. एमईएतून सीओटू परत सोडवायला त्याच्या टनामागे साडेतीन ते चार गिगाज्यूल लागतात. त्यातले जवळपास २ गिगाज्यूल नुसते अमाईन-सीओटूचे बंध तोडायला. कण घालून ते कमी होत नाहीत. प्रस्तावनेत "ऊर्जाखर्च निम्मा" असलं वाक्य टाकू नका, तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येईल.

खाडीपट्टा

टायटॅनिया आणि सपाट पृष्ठभागाचं भांडं, दोन्ही घेतो. पावडर पसरवायची पद्धत कोणी टप्प्याटप्प्याने सांगेल का? अल्ट्रासोनिक बाथ आहे, प्रोब शेजारच्या विभागात.

कातळसडा

बाथ विसरा, तो भांडी धुवायला. प्रोब मागा.

आपल्याकडच्या हवेत उघडी पावडर दमट होते, वजन चुकतं. १०५ अंशांना २ तास वाळवा, डेसिकेटरमध्ये गार करा, लगेच वजन. पंखा बंद, तोंडाला एन-९५, वजन करून थेट पाण्यात ओली करा. हवेत उडाली की फुप्फुसात.

०.०५ टक्क्यांसाठी ०.६ ग्रॅम. १.२ लिटरमध्ये एकदम प्रोब घालू नका, शक्ती पुरत नाही. २०० मिली डिस्टिल्ड पाण्यात पीव्हीपी विरघळवा, ढवळत ढवळत कण टाका. साध्या डिस्टिल्ड पाण्याचा पीएच हवेतल्या सीओटूमुळे साडेपाच-सहा असतो आणि टायटॅनियाचा शून्यभार तिथेच. म्हणून आधीच एमडीईएचे थोडे थेंब टाकून पीएच १० करा. मग २० किलोहर्ट्झचा प्रोब, टोक २-३ सेंमी बुडवून, ५ सेकंद चालू ५ सेकंद बंद, चालू वेळ एकूण २० ते ३० मिनिटं, भोवती बर्फ. द्रव ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

यंत्रावर ५०० वॅट लिहिलं असलं तरी द्रवात जातात किती ते मोजा: बर्फ काढून २०० मिली साध्या पाण्यात १ मिनिट सलग चालवा, ५ अंश चढलं तर ७० वॅट. अहवालात हाच आकडा द्या. प्रोबचं टोक खड्डे पडून खडबडीत झालं असेल तर टायटॅनियमचा चुरा तुमच्या द्रावणात उतरतोय, टोक घासून घ्या.

मग उरलेल्या पाण्यात अमाईन वेगळं मिसळून गार करा आणि त्यात हे २०० मिली हळूहळू ओता. पाणी डिस्टिल्डच. किनाऱ्यालगतच्या विहिरी-बोअरला मचूळपणा असतो, आणि मिठाने कणही गोळा होतात, बुडबुड्यांचा आकारही बदलतो.

आणखी एक: ०.५ टक्क्यांना शोषण घटलं तर "चिकटपणा वाढला" असं लिहू नका. टायटॅनियाची घनता ४ च्या वर, म्हणजे आकारमानाने कण ०.१२ टक्केच. त्याने चिकटपणा जेमतेम ०.३ टक्क्यांनी वाढतो. घट होते ती गोळ्यांमुळे.

उधाण

चकतीबद्दल: जी-२ घ्या, ४० ते १०० मायक्रॉनची. जी-४ कणांनी बुजते. वायू आधी सुरू करा, मग द्रव ओता. बंद करताना आधी द्रव काढा, मग वायू बंद. उलट केलंत की द्रव छिद्रांत उतरतो, कण तिथेच वाळतात आणि पुढच्या प्रयोगात बुडबुडे एका कडेनेच येतात. वायूच्या नळीवर उलटझडप लावा, वीज कधी जाईल सांगता येत नाही. रोज कोऱ्या वायूवर चकतीचा दाबफरक लिहून ठेवा, वाढला की चकती बुजायला लागली.

द्रावणातला सीओटूचा भार तपासायला नमुन्यात आम्ल घालून सुटणारा सीओटू मोजता ना? मिथिल ऑरेंज या दर्शकाचा रंग पांढऱ्या द्रवात दिसणार नाही. पीएच मीटर वापरा.

रापण

मच्छी मार्केटच्या कचऱ्यावरच्या बायोगॅसला हे चालेल का? वाहनात भरायचा तर आयएस १६०८७ या भारतीय मानकाप्रमाणे मिथेन ९० टक्के लागतो, कच्च्यात ४० टक्के सीओटूच असतो.

गलबत

नको. पाण्याने धुण्याच्या पद्धतीत दाब ८-१० बारला नेला की विद्राव्यता तितक्या पटीने वाढते, कण घालून तेवढं कधीच मिळणार नाही. शिवाय माशाच्या कचऱ्यात गंधक आणि नायट्रोजन भरपूर, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया. आधी लोखंडाच्या गंजाच्या थरातून गंधक काढा. कोणी मॅग्नेटाइटचे नॅनोकण विकायला आला तर ते तुमच्या वायूत काळे पडून आयर्न सल्फाइड होतील, चुंबकाने परत मिळतील हे विसरा.

खाडीपट्टा

शेवटचं. वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतता येणार नाही हे कळलं. मग?

कातळसडा

एका कॅनमध्ये साठवा. थोडी तुरटी विरघळवून घाला आणि ढवळा, कण साक्यासह एका रात्रीत बसतात. पीव्हीपी जास्त असेल तर तुरटी वाढवावी लागते. सीओटूने भरलेल्या द्रावणात तुरटी गेली की वायू सुटून उफाळतं, तेव्हा कॅन अर्धाच भरा आणि झाकण घट्ट लावू नका. वरचं निवळ अमाईन आणि खालचा गाळ वेगळे करा, दोन्हींवर नाव, प्रमाण, तारीख. कॉलेजचा रासायनिक कचरा तळोज्याच्या धोकादायक कचरा केंद्रात जात असेल तर त्याच खेपेत द्या. जात नसेल तर एमआयडीसीतल्या एखाद्या नोंदणीकृत कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र देऊन विचारा, पाच-दहा लिटरचं काम आहे. हे पत्र पावडरच्या ऑर्डरबरोबरच टाका, त्याला उत्तर यायला पावडरपेक्षा जास्त वेळ लागतो.